मेण, वात, बरणी

भाद्रपद संपत आला की पावसाचा जोर जातो आणि ऊन पुन्हा अंगावर येतं. त्या उन्हात आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेल्या मेणाला घाम फुटतो. पांढऱ्या वडीवर बारीक थेंब येतात, बोट लावलं की तेलकट लागतं. यंदाही आले. मी फडक्याने ते पुसले, वडी फिरवून ठेवली आणि डबा घासायला घेतला. हात कामात असले की बरं, असं मी आयुष्यभर मानत आले. या दिवसांत मात्र हात कामात असतात आणि तरी बरं वाटत नाही.

मी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करते. बेअरिंग, बेल्ट, ग्रीस, नटबोल्ट, प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला चिठ्ठी. घरीही तेच. डाळींच्या डब्यांवर नावं, औषधांवर वारांची चिठ्ठी, फ्रीजवर आठवड्याची यादी. हे म्हणतात, "एक दिवस माझ्या कपाळालाही चिठ्ठी लावशील. 'नवरा, जपून वापरा'." मी हसते आणि यादीत पुढची ओळ लिहिते. एखादं काम लहान तुकड्यांत मोडता आलं की ते होतंच, अशी माझी समजूत होती. कुंदा माझ्याकडे राहायला येईपर्यंत ती कधी खोटी ठरली नव्हती.

कुंदा माझी धाकटी बहीण. तिला पुणतांब्याला दिली होती. पेरूची बाग, थोडी गुलाबाची शेती. गुलाब शिर्डीला जायचे आणि तिथल्या एका हारवाल्यासाठी कुंदा घरीच बसून हार गुंफायची. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. तिच्या दिराने शेती बघितली, हिने फुलं बघितली. साखरेचा आजार तिला होताच, पण ती त्याला जुमानत नव्हती. मग एकदा हार पाहून हारवाला म्हणाला, "काकू, लाल-पांढरा सांगितला हुता, तुमी सगळा लालच केलाय." कुंदाने हार हातात घेऊन उन्हात धरला. तिला दोन्ही फुलं सारखीच दिसत होती. त्यानंतर लेझर झालं, डोळ्यात सुया झाल्या, आणि तरी नजर जातच राहिली. दीर तिला माझ्या दारात सोडून गेले तेव्हा तिने उंबऱ्यावर हात ठेवून विचारलं होतं, "आक्का, तुझ्या घराला अजून पिवळाच रंग हाय ना?" घर आम्ही कधीच निळं केलं होतं. मी हो म्हणाले.

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, खोलीत अंधार केला आणि डोळ्यासमोर बॅटरी धरली. "मावशी, उजेड दिसतोय?"

"दिसतोय की. पोलिसागत डोळ्यात मारताय, न दिसायला काय झालं?"

डॉक्टर हसले. मला बाहेर बोलावून त्यांनी सांगितलं, की उजेडाची जाणीव आहे तोवर पडद्याच्या ऑपरेशनला अर्थ आहे. साखर फार वर आहे, ती खाली आणा, दिवाळी झाली की करू. मी विचारलं, "आणि तोवर ती जाणीव गेली तर?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "तोवर टिकू दे," आणि दाराकडे वळून पुढचा पेशंट बोलावला.

म्हणजे त्या ऋतूत आमच्याकडे दोन कामं होती. साखर उतरवायची आणि उजेड टिकवायचा. साखर उतरवणं माझ्या हातातलं होतं. वजन केलेली भाकरी, मेथीची भाजी, सकाळी गल्लीतून माझा हात धरून फेऱ्या. उजेडाला मात्र काही करता येत नव्हतं. तो आहे की नाही एवढं रोज बघणं, इतकंच.

बघायचं तरी कसं? बॅटरीचं बटण वाजतं, ते ऐकून कुंदा हो म्हणायची. वरचा बल्ब लावला की तिला सगळं सारखंच राखाडी वाटायचं. पण एकदा देवापुढच्या समईकडे तोंड करून ती एकदम थांबली. "आक्का, तिथं ठिपका हाय. केशरी. बोरायेवढा." तिच्या आवाजात इतका आनंद होता, की मी हातातलं निरांजन ठेवून तिच्याजवळ गेले. त्या दिवसापासून संध्याकाळी ज्योत दिसते का, हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं काम झालं. पण समईपाशी ती चाचपडत जायची. एकदा तेल सांडलं, एकदा पदर पेटता पेटता राहिला. बाजारातल्या बारीक मेणबत्त्यांची ज्योत पंख्याच्या वाऱ्याने नाचते आणि कुंदा हैराण होते. तिला हवी होती मोठी, स्थिर, काचेत बसलेली, हात लागला तरी न कलंडणारी ज्योत. तशी मिळेना. मग मीच करायचं ठरवलं.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. मेण, वात, बरणी. बहिणीचे डोळे या तीन रकान्यांत मांडता येतील असं वाटण्याइतकं हायसं.

आधी मेण. पॅराफिन सहज मिळतं, पण आमच्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात ते घामेजतं आणि त्याचा धूर कुंदाच्या नाकाला झोंबायचा. मोबाईलवर बघून सोयाबीनचं मेण मागवलं. चुऱ्याच्या रूपात येतं म्हणून लिहिलं होतं, टेम्पोत तापून तापून आलं ते एका गोळ्याच्या रूपात. सुरीने तासून वितळवलं, ओतलं, तर सकाळी त्यावर भिंतीला पोपडे येतात तसा पांढरा थर. दिसायला वाईट, ज्योत मवाळ. शेवटी डाळिंबाच्या बागांतून मधपेट्या ठेवणाऱ्या एका माणसाकडून मधमाश्यांचं मेण आणलं. पिवळं, जड, हाताला चिकटणारं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेलं, त्यात ते मेण, आणि घरभर पोळ्याचा वास. कुंदा आतल्या खोलीतून ओरडली, "कुणी पोळं झाडलं गं?" लहानपणी आमचे वडील बांधावरचं पोळं झाडायचे, आम्ही दोघी दूर उसात लपून बघायचो. किती तरी दिवसांनी ती त्या वासाने आपणहून स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली.

"काय करतीस?"

"तुझ्यासाठी मेणबत्ती."

"मग वात मी करते. तुला न्हाई जमायची."

आणि आम्ही ती चूक केली जी आमच्यासारख्या बायकाच करतील. कुंदाने कापूस मागून घेतला, वाटीत चमचाभर दूध घेतलं आणि दुधाचं बोट लावत तळहातावर वात वळली. समईला वळतात तशी, लांब, मऊ, एकसारखी. डोळ्यांशिवाय. मला इतकं कौतुक वाटलं की मी एकही शंका काढली नाही. ती वात बरणीत उभी केली, वरून कपड्याच्या चिमट्यात धरली, मेण ओतलं. संध्याकाळी लावली. मिनिटभर छान जळली, मग वाकली, वितळलेल्या मेणात आडवी झाली आणि चर्र करून विझली. पुन्हा लावली, पुन्हा बुडाली. समईची वात तेलात लोळत जळते. मेणाला ताठ उभी वात लागते, वेणीसारखी विणलेली, बुडाशी पत्र्याची टिकली लावलेली. घरात दिवा म्हटलं की कापूस आणि तळहात, यापलीकडे आम्हाला काही सुचलंच नव्हतं.

हे म्हणाले, "कुंदा, तुझी वात आळशी निघाली. आल्या आल्या झोपली."

"दाजी, तुमच्या घरातलं वळण लागलं तिला," कुंदा म्हणाली. आम्ही तिघेही हसलो. ते हसणं मला आठवतं, कारण त्यानंतर असं हसल्याचं फारसं आठवत नाही.

विणलेली वात आणायला मी नगरला गेले. कापडबाजाराच्या बाजूला मेणबत्तीचं सामान ठेवणारं एक दुकान आहे. दुकानदाराने जाडीप्रमाणे लावलेल्या वातीच्या गुंड्या समोर ठेवल्या. मला ते दुकान फार आवडलं. सगळं जागच्या जागी होतं.

"रिटर्न गिफ्टसाठी का विकायला, ताई?"

"बघायला."

"बघायला म्हंजे? शोला?"

"नाही. एका माणसाला ज्योत दिसायला पाहिजे."

 मग त्याने काही न विचारता सगळ्यात जाड गुंडी पुढे सरकवली. "ही घ्या. पण काजळी धरंल. आणि ताप लई निघतो हिचा, काच बघून घ्या."

ताप. त्याने तेव्हाच सांगितलं होतं. मी काचेच्या जाडीचा प्रश्न म्हणून ते डोक्यात टिपलं आणि पुढे गेले.

त्या जाड वातीची ज्योत उंच आणि पिवळीधमक होती. संध्याकाळी मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. कुंदा भिंतीला हात लावत आली, खुर्चीत बसली, दोन्ही तळवे पुढे केले, ज्योतीवर धरले आणि मग डोळ्यांना लावले. आरती घेतात तसे.

"अगं, देवाची नाही ती. मेणबत्ती आहे."

"असू दे. उजेडच हाय ना?"

"दिसतोय का पण?"

"दिसतोय. मोठा हाय आज."

मला त्या वेळी जे वाटलं ते सांगायला नको. जाड वात, मधाचं मेण. उपाय सापडला होता. त्याच आठवड्यात कारखान्यात बॉयलर पेटवायची पूजा झाली. नारळ फुटला, भट्टीत पलिता गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दरवर्षी मी त्या वेळी हंगामाला कुठलं सामान कमी पडेल याचा हिशेब करत उभी असते. त्या वर्षी मी त्या जाळाकडे बघत उभी होते आणि मनात म्हणत होते, माझ्या बहिणीला हा इथून नक्की दिसला असता.

राहिली बरणी. जाड वातीने कॉफीची एक बाटली तडकवली म्हणून मी चांगल्या काचेची उंच बरणी आणली. स्वच्छ, आरपार. ज्योत खोल आत, वारा लागायची भीती नाही, हात भाजायची भीती नाही. माझ्या मते ही सगळ्यांत उत्तम. त्या संध्याकाळी कुंदाने हात पुढे केले, बरणीच्या बाजूंनी फिरवले आणि तिचा चेहरा उतरला.

"न्हाई दिसत, आक्का."

"नीट बघ. समोरच आहे."

"न्हाई."

 लगेच बरणी बदलली. काच हिरवट असेल म्हणून दुसरी आणली. तीही उंच. नाही. मग आईस्क्रीमची पसरट काचेची वाटी घेतली, ज्योत काठाच्या वर येईल अशी. कुंदाने तळवे धरले, डोळ्यांना लावले. "हां. आता दिसतोय." मी ठरवून टाकलं, की काचेमुळे उजेड अडतो, उघडी ज्योत चांगली. इतकं सरळ अनुमान. स्टोअरमध्ये एखादा पंप चालेना तर मी असंच एकेक भाग बदलून बघते.

आज मागे वळून बघताना मला त्या बरण्याच दिसतात. ओट्यावर, खिडकीत, फ्रीजवर. उंच, बसक्या, लोणच्याच्या, मधाच्या. त्यांच्यामधून मी लगबगीने फिरते आहे, हातात फडकं, कानामागे पेन्सिल. आणि टेबलाशी कुंदा बसली आहे, हात मांडीवर, मान थोडी तिरकी. ती कशाकडे बघत नाहीये. ती ऐकते आहे, मी आता कुठली बरणी उचलते ते. हे चित्र तेव्हाही माझ्यासमोर होतं. मला डोळे होते.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी दिवाळीसाठी पसरट वाट्यांत मेण ओतत होते. टेबल त्या वाट्यांनी भरलं होतं, म्हणून त्या दिवसाची पेटलेली मेणबत्ती मी दाराजवळच्या खिडकीत ठेवली होती. कुंदा आली. त्या ज्योतीच्या इतक्या जवळून आली की तिच्या गालावर उजेड पडून सरकला. तिची पापणीही हलली नाही. ती नेहमीच्या खुर्चीत बसली, तळवे पुढे केले आणि हवेत शोधत एका वाटीवर आणून थांबवले. नुकतंच ओतलेलं मेण होतं त्यात, वाफाळतं. वात चिमट्यात धरलेली, कोरी, न पेटवलेली. कुंदाने तळवे त्यावर बराच वेळ धरले. डोळ्यांना लावले.

"आज लई मोठा दिसतोय गं," ती म्हणाली.

मी पातेलं खाली ठेवलं. खिडकीत ज्योत जळत होती, नगरहून आणलेल्या वातीची, मधाच्या मेणाची, उंच, अजिबात न हलणारी. अशी चांगली ज्योत मी त्याआधी केली नव्हती. बघायला तिथे मी एकटीच होते.

"हो," मी म्हणाले. "आज मोठाच आहे."

मग सगळं आपोआप उलगडत गेलं आणि मला ते थांबवता येईना. जाड वात तिला आवडली कारण ती तापत होती. उंच बरणीच्या बाजूला ऊब येत नव्हती म्हणून 'न्हाई दिसत'. पसरट वाटी म्हणजे वर येणारी ऊब. मी काचेचा आरपारपणा तपासत होते आणि ती तळहाताने शेकत होती. आरती घेताना आपण सगळेच तसं करतो, त्यामुळे त्यात मला काही वेगळं दिसलंच नाही.

दिवाळी गेली. दिवाळीत मी गप्प राहिले. रोज संध्याकाळी वाटी लावायची, रोज ती हात धरायची, मी विचारायचे, ती सांगायची. फराळाला आलेल्या शेजारणी म्हणायच्या, "किती सुंदर केल्यात मेणबत्त्या, आम्हालाही शिकवा ना." मी त्यांना मेण, वात, बरणी असं क्रमाने समजावून सांगायचे. कुंदा शेजारी बसून मान डोलवायची.

ठरलेल्या दिवशी नगरला गेलो. साखर उतरली होती, रिपोर्ट उत्तम होता, मी तो फाईलमध्ये सगळ्यांत वर लावला होता. डॉक्टरांनी खोलीत अंधार केला, बॅटरी लावली.

"मावशी, उजेड कुठून येतोय?"

कुंदाने क्षणभर हात उचलला. बहुतेक सवयीने. मग मांडीवर ठेवला. "समोरून," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्या उजव्या बाजूला उभे होते. त्यांनी बॅटरी डावीकडे नेली, पुन्हा विचारलं. "समोरून." मग त्यांनी बॅटरी बंद केली, आणि बटण वाजल्याबरोबर ती घाईघाईने म्हणाली, "दिसतोय, दिसतोय." त्यांनी फाईल मिटली आणि माझा रिपोर्ट न बघताच माझ्याकडे परत दिला. अर्थात त्यात उतरलेल्या साखरेशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

येताना राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली. हे पुढे ड्रायव्हरशी बोलत होते. मी मागे कुंदाजवळ. मी हळूच विचारलं, "कधीपासून?"

 ट्रॉलीचा भोंगा वाजला, उसाचा ओला वास आत आला.

"तू नगरहून वात आणायला गेल्तीस ना," ती म्हणाली, "त्याच्या आदल्या दिवशी गेला ठिपका. तू परत आलीस की सांगायचं ठरवलं हुतं. पन तू दारातूनच बोलत आलीस. कुंदे, अशी वात मिळालीय, आता बघच. मग कसं सांगू?"

"नंतर सांगायचंस."

"सांगितलं की. न्हाई दिसत म्हनले की. तू लगेच दुसरी बरनी आनलीस." ती थोडं हसली. "परत न्हाई म्हनले असते तर आनखी तिसरी. किती बरन्या आनशील, आक्का?"

डॉक्टरांना मी नंतर एकटीने जाऊन विचारलं होतं, की तेव्हाच कळलं असतं तर काही करता आलं असतं का. ते म्हणाले, सांगता येत नाही. साखर तशी असताना हात लावला नसता आणि थांबायला वेळ नव्हता. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. मी आयुष्यात वस्तू परत पाठवल्या आहेत, बदलून घेतल्या आहेत, तक्रारी लिहिल्या आहेत. या उत्तराचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे मेणबत्ती झाली नाही. कुंदा माझ्याकडेच असते. सुरुवातीला मी तिला फुलं आणून दिली, हातांना सवय आहे, हार करशील म्हणून. तिने दोन-तीन केले आणि सुई खाली ठेवली. "कसला झालाय ते कळत न्हाई," म्हणाली, "नुसतं टोचत बसल्यागत वाटतंय." मी रेडिओ आणला, पांढरी काठी आणली, बोटांनी वाचायला शिकवणाऱ्या वर्गाची चौकशी केली. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणते. त्या होचा अर्थ मला आता कळतो. ती माझी समजूत काढते आहे.

यंदा पाऊस उघडला, ऊन तापलं, आणि काल संध्याकाळी मी वरचा दिवा न लावता तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसले. घरापुढच्या रस्त्यावरून सायकली जात होत्या. कुणाच्या तरी अंगणात धूप जळत होता. हळूहळू झाडं गेली, कुंपण गेलं, माझे हात मला अंधुक दिसायला लागले. मला वाटलं, निदान या वेळी तरी आम्ही दोघी एकाच ठिकाणी आहोत.

मी विचारलं, "कुंदे, सारखा असाच काळोख असतो का गं तुला?"

"काळोख?" ती म्हणाली. "न्हाई गं. समद्यांना तेच वाटतं. काळोख असता तर बरं झालं असतं, काळं तरी दिसलं असतं. काळं पन न्हाई."

"मग काय दिसतं?"

 तिला मला नीट समजावून सांगायचं होतं, मी तिला वातीबद्दल सांगायचे तसं.

"तुला तुझ्या पाठीमागं काय दिसतंय आत्ता?" तिने विचारलं. "मान न वळवता सांग."

माझ्या पाठीमागे माझंच घर होतं. दार, खुर्ची, टेबल. तिथे काय काय आहे ते मला सगळं तोंडपाठ होतं.

"काही नाही," मी म्हणाले.

"हां. तसं," कुंदा म्हणाली. "समदीकडं तसं."